एका इंचाचे अर्थकारण : विमानातील आसने का आकसली?

(विशेष प्रतिनिधी)

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. विमानात रुमाल टाकता येत नाही. तेथे जागा धरण्यासाठी पैसे मोजावे लागतात. पण पैसे मोजूनही हाती आलेली जागा नेमकी किती इंचांची आहे, हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते. मुंबई ते दिल्ली या दोन तासांच्या प्रवासात ते कळले नाही तरी फारसे बिघडत नाही. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या साठी-सत्तरीच्या आई-वडिलांना पंधरा-सोळा तास त्याच आसनावर काढायचे असतात. तेव्हा गुडघ्यासमोरच्या प्रत्येक इंचाला किंमत येते.

गेल्या दोन-अडीच दशकांत हे इंच कमी होत गेले आहेत. ते का कमी झाले, कोणत्या नियमांनी त्यांना लगाम घातला आहे आणि प्रवाशाच्या हाती काय उरते, हे समजून घेण्यासाठी आधी विमानाच्या अंतर्भागाची रचना पाहावी लागेल.

पिच म्हणजे काय?

विमान कंपन्यांच्या परिभाषेत दोन रांगांमधील अंतराला 'पिच' म्हणतात. एका आसनावरील कोणताही एक बिंदू आणि त्याच्या पुढच्या आसनावरील नेमका तोच बिंदू यांतील अंतर म्हणजे पिच. अर्थात, हे सारे अंतर पाय पसरण्यासाठी मोकळे असते असे नाही. आसनाच्या पाठीची जाडी आणि बैठकीची खोली त्यातूनच वजा होते. म्हणूनच तीस इंच पिच असलेल्या दोन विमानांत गुडघ्यांना मिळणारी मोकळीक वेगवेगळी असू शकते. अलीकडच्या सडपातळ पाठीच्या आसनांनी हाच फरक साधला आहे. त्यांत स्पंजाचा थर पातळ केला जातो आणि मासिके ठेवण्याचा कप्पा गुडघ्यांजवळून उचलून वर नेला जातो. त्यामुळे पिच कमी होऊनही गुडघे समोर आपटत नाहीत; मात्र चार-पाच तासांनंतर पाठीला व मांड्यांना पातळ गादीची जाणीव होऊ लागते.

विमानाच्या जमिनीत लांबीच्या दिशेने धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांना एकेका इंचावर खाचा असतात. आसने या खाचांत अडकवून पक्की केली जातात. त्यामुळे विमान तेच ठेवून रांगा पुढे-मागे सरकवणे कंपनीला शक्य असते. खिडक्या मात्र विमानाच्या सांगाड्यातील कड्यांच्या मध्ये, साधारण वीस-एकवीस इंचांवर, कायमच्या बसवलेल्या असतात. आसनांचे अंतर एक आणि खिडक्यांचे दुसरे, त्यामुळे दोहोंचा मेळ बसत नाही. 'खिडकीची जागा' म्हणून पैसे भरावेत आणि समोर कोरी भिंत यावी, असा अनुभव अनेकांना येतो त्याचे कारण हेच. बोइंग ७३७ विमानात डाव्या बाजूला पंखांच्या थोडे पुढे वातानुकूलन यंत्रणेची नळी भिंतीतून वर जाते. तेथे तर खिडकीच नसते.

रुंदीचे भाग्य धडावर

पिच कंपनीच्या हाती असते. आसनाची रुंदी मात्र बऱ्याच अंशी विमानाच्या धडाने आधीच ठरवून टाकलेली असते. भारतातील देशांतर्गत मार्गांवर प्रामुख्याने दिसणारी दोन विमाने घ्या. एअरबस ए-३२० या विमानाच्या अंतर्भागाची रुंदी सुमारे ३.७० मीटर आहे, तर बोइंग ७३७ ची सुमारे ३.५३ मीटर. दोन्हींत एका रांगेत सहाच आसने, तीन-तीन अशी. साहजिकच एअरबसचे आसन साधारण १८ इंच, तर बोइंगचे साधारण १७ इंच रुंद असते. बोइंगच्या या अरुंदपणाला इतिहास आहे. ७३७ च्या धडाचा वरचा भाग १९५८ मध्ये सेवेत आलेल्या ७०७ या विमानावरून घेतलेला आहे. एअर इंडियाच्या ताफ्यात १९६० मध्ये जेट युग आणले ते याच ७०७ ने. साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी ठरलेले माप आजही प्रवाशाच्या खांद्यांना जाणवते आहे.

खांद्यांचा उल्लेख मुद्दाम केला. आसनाची रुंदी हात टेकण्याच्या दोन दांड्यांमध्ये मोजतात, म्हणजे ती कमरेच्या मापाची असते. माणसाचे, विशेषतः पुरुषाचे, खांदे कमरेपेक्षा रुंद असतात. त्यामुळे तीन पुरुष शेजारी बसले की मधल्याला आपले खांदे आक्रसून घ्यावे लागतात. कमरेला जागा पुरते, पण खांद्याला पुरत नाही.

मधल्या जागेचा हिशेब

आसनांची मांडणी सांगताना 'तीन-चार-तीन' किंवा 'दोन-चार-दोन' असे आकडे वापरतात. प्रत्येक आकड्यामधले चिन्ह म्हणजे ये-जा करण्याची मार्गिका. ही मांडणी केवळ कंपनीच्या मर्जीवर नसते. अमेरिकी व युरोपीय नियमांनुसार एकच मार्गिका असलेल्या विमानात तिच्या कोणत्याही बाजूला तीनपेक्षा अधिक आसने ठेवता येत नाहीत. बाहेर पडताना कोणालाही दोनपेक्षा जास्त सहप्रवाशांना ओलांडावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. मार्गिकेच्या किमान रुंदीचाही नियम आहे. मोठ्या विमानांत ती जमिनीपासून २५ इंच उंचीपर्यंत किमान १५ इंच आणि त्याच्या वर किमान २० इंच असावी लागते.

या चौकटीत राहून प्रवाशाच्या दृष्टीने मांडणीचा कस पाहायचा असेल तर एक सोपी कसोटी आहे : ज्या आसनाला खिडकीही नाही आणि मार्गिकाही नाही, अशी आसने किती? एटीआर-७२ या छोट्या विमानात दोन-दोन अशी मांडणी असल्याने असे एकही आसन नसते. बोइंग ७६७ च्या दोन-तीन-दोन मांडणीत सातांपैकी एकच. एअरबस ए-३३० च्या दोन-चार-दोन मांडणीत आठांपैकी दोन. तीन-तीन मांडणीत सहांपैकी दोन आणि तीन-तीन-तीनमध्ये नवांपैकी तीन, म्हणजे दोन्हीकडे एक तृतीयांश. तीन-चार-तीन मांडणीत मात्र दहांपैकी चार प्रवासी मध्ये अडकलेले असतात. विमान जितके मोठे तितके ऐसपैस, ही समजूत येथे खोटी ठरते.

बोइंग ७७७ चे उदाहरण बोलके आहे. १९९५ मध्ये हे विमान सेवेत आले तेव्हा बहुतेक कंपन्यांनी त्यात एका रांगेत नऊ आसने बसवली होती. पुढे एकेक कंपनी दहावर आली. विमानाची अंतर्गत रुंदी तीच, ५.८६ मीटर, आसन मात्र साडेअठरा इंचांवरून सतराच्या आसपास आले. बोइंग ७८७ ड्रीमलायनरचेही तसेच झाले. आठ आसनांच्या रांगेचा पर्याय समोर ठेवून आखलेल्या या विमानात बहुतांश कंपन्यांनी नऊ आसने बसवली. एअर इंडियाच्या ड्रीमलायनरमध्येही साध्या वर्गात तीन-तीन-तीन अशीच मांडणी आहे. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय मार्गांवरील ७८७ मध्ये दोन-चार-दोन ही मांडणी राखली. थोडक्यात, विमान तेच असले तरी प्रवास तोच नसतो.

तीस इंचांतून सहा तिकिटे

हे सारे कशासाठी? उत्तर त्रैराशिकात दडलेले आहे. समजा, ए-३२० विमानात प्रत्येकी सहा आसनांच्या तीस रांगा आहेत आणि पिच तीस इंच आहे. म्हणजे एकूण ९०० इंच लांबी झाली. आता प्रत्येक रांगेतून केवळ एक इंच काढून घेतला, तर त्याच लांबीत २९ इंचांच्या ३१ रांगा बसतात. ८९९ इंचांत काम भागते. प्रवाशाला एक इंच गेल्याचे कदाचित कळतही नाही. कंपनीला मात्र प्रत्येक फेरीत विकण्यासाठी सहा आसने अधिक मिळतात. वैमानिक तेच, विमानाचा हप्ता तोच, विमानतळाचे शुल्क जवळपास तेच आणि इंधनात पडणारी भर अल्प. दिवसाला सहा-सात फेऱ्या करणाऱ्या विमानाच्या बाबतीत वर्षाकाठी ही रक्कम किती होईल, याचा हिशेब सहज करता येतो.

प्रत्यक्षात प्रवाशाचा इंच न घेताही काही जागा काढता येते. मागच्या बाजूची खानपान कक्षाची व स्वच्छतागृहांची मांडणी आटोपशीर करून एअरबसने या विमानात जादा रांगेची सोय करून दिली. इंडिगोच्या जुन्या ए-३२० विमानांत १८० आसने होती. ए-३२० निओमध्ये ती १८६ झाली. येथे आणखी एक नियम कंपनीच्या पथ्यावर पडतो. दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी असावा लागतो. म्हणजे १५१ पासून २०० आसनांपर्यंत चारच कर्मचारी लागतात. १८० वरून १८६ वर गेले तरी पगारपत्रकावर एकही नाव वाढत नाही.

मग सारा दोष कंपन्यांचाच का? येथे प्रवाशांनाही आरशात पाहावे लागते. अमेरिकन एअरलाइन्सने २००० साली संपूर्ण साध्या वर्गात पायांना अधिक जागा देण्याचा प्रयोग केला होता. त्यासाठी आपल्या ताफ्यातील सात हजारांहून अधिक आसने कंपनीने काढून टाकली. प्रवाशांनी स्वागत केले. पण तिकीट घेताना ते स्वस्त भाड्याकडेच वळले. अधिक जागेसाठी अधिक पैसे मोजणारे पुरेसे निघाले नाहीत आणि काही वर्षांतच ती आसने पुन्हा बसवली गेली. भारतात २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वल्पदरातील विमानसेवा सुरू केल्यानंतर पहिल्यांदाच विमानात बसलेल्या लाखो लोकांच्या दृष्टीने प्रश्न आसनाच्या इंचांचा नव्हताच. तो विमान की रेल्वे असा होता. रांगा दाट झाल्या म्हणून भाडी उतरली, हेही तितकेच खरे आहे.

त्या प्रयोगातून कंपन्यांनी वेगळाच धडा घेतला. सर्वांना थोडी अधिक जागा देण्याऐवजी ज्याला हवी त्यालाच ती विकायची. आपत्कालीन दरवाजाजवळची रांग, पहिली रांग, खिडकी, मार्गिका अशा प्रत्येक जागेला स्वतंत्र दर लागला. एअर इंडियाने आपल्या ए-३२० निओ विमानांत ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ साधी अशी एकूण १६४ आसनांची तीनस्तरीय मांडणी स्वीकारली. इतकेच नव्हे, तर वर्षानुवर्षे एकाच वर्गाचा आग्रह धरणाऱ्या इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर दोन-दोन मांडणीची १२ मोठी आसने आणली. जागेच्या या विक्रीत कुटुंबांची ताटातूट होऊ लागली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला हस्तक्षेप करावा लागला. एकाच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असे निर्देश एप्रिल २०२४ मध्ये देण्यात आले.

नव्वद सेकंदांची परीक्षा

आरामाचा प्रश्न बाजाराने सोडवावा, असे म्हणता येईल. सुरक्षेचे तसे नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत धावपट्टीवरून धावणाऱ्या बोइंग ७३७ च्या इंजिनाला आग लागली. विमान थांबले, ते जमिनीवरच होते. तरीही ५५ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी बहुतेकांचा जीव धुराने घेतला. पुढच्या भागातील अरुंद वाट आणि पंखांवरील दरवाजाशी आसनांमुळे झालेली अडचण हे मुद्दे चौकशीत पुढे आले. आज पंखांवरील दरवाजाजवळच्या रांगेत जी मोकळी जागा दिसते, तिच्यामागे या दुर्घटनेचा धडा आहे. ती जागा प्रवाशाला पाय पसरण्यासाठी नसून इतरांना बाहेर पडण्यासाठी आहे. म्हणूनच लहान मुले, गर्भवती, किंवा दरवाजा उघडण्यास शारीरिकदृष्ट्या असमर्थ असणारे प्रवासी यांना तेथे बसू दिले जात नाही.

प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी एक अट पूर्ण करावी लागते. सर्व आसने भरलेली असताना, अंधारात आणि निम्मेच दरवाजे वापरून नव्वद सेकंदांत सर्वांना बाहेर काढता आले पाहिजे. एअरबस ए-३८० ने मार्च २००६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ही परीक्षा दिली, तेव्हा ८७३ जण ७८ सेकंदांत बाहेर पडले होते. चाचणी आणि प्रत्यक्ष यांतील अंतर मात्र मोठे असू शकते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए-३५० विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. त्यातील सर्व ३७९ जण वाचले. पण आठांपैकी तीनच दरवाजे वापरता आले आणि शेवटची व्यक्ती बाहेर पडेपर्यंत सुमारे अठरा मिनिटे गेली होती.

आकसलेल्या आसनांमुळे बाहेर पडण्याचा वेग मंदावतो का, हा प्रश्न अमेरिकेत थेट न्यायालयात गेला. प्रवाशांच्या 'फ्लायर्स राइट्स' या संघटनेच्या याचिकेवर २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपिली न्यायालयाने निकाल दिला. पूर्वी सरासरी ३५ इंच असलेले पिच ३१ वर आणि काही विमानांत २८ वर आले आहे, तर सरासरी रुंदी साडेअठरा इंचांवरून १७ इंचांवर आली आहे, याची न्यायालयाने नोंद घेतली आणि विमान वाहतूक प्रशासनाला या प्रश्नाचा पुन्हा विचार करण्यास बजावले. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने आसनांची किमान मापे ठरवण्याचा आदेश कायद्यानेच दिला. त्यानंतर ओक्लाहोमा सिटी येथे ७७५ स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या. २८ इंच पिचमुळे बाहेर पडण्यात अडथळा येत नाही, असा त्यांचा सूर होता. परंतु हे सारे स्वयंसेवक साठ वर्षांखालील धडधाकट प्रौढ होते. मुले, वृद्ध, अपंग त्यांत नव्हते, हे प्रशासनानेच मान्य केले. २०२२ मध्ये लोकांची मते मागवण्यात आली, तेव्हा हजारोंनी ती नोंदवली. विशिष्ट मापे तातडीने ठरवण्यास प्रशासनाला भाग पाडावे, ही मागणी मात्र २०२३ मध्ये न्यायालयाने फेटाळली.

शरीराची तक्रार

आसन अरुंद असल्याने पाठ अवघडते, हे झाले सर्वसामान्य दुखणे. अधिक गंभीर आहे तो पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरून जाण्याचे कारण नाही. निरोगी व्यक्तींत दुप्पट होऊनही हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतकेच राहते. स्थूल व्यक्ती, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि आधी असा त्रास झालेल्यांना ते अधिक असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे १.९० मीटरहून उंच व्यक्तींबरोबरच १.६० मीटरहून ठेंगण्या व्यक्तींनाही विमान प्रवासात हा धोका अधिक आढळला. आपल्याकडील अनेक स्त्रिया या उंचीत मोडतात. पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत आणि आसनाची कड मांडीखाली रुतते, हे त्यामागील संभाव्य कारण होय.

दोष केवळ इंचांचा नाही, तर हालचाल न करण्याचा आहे. येथेच मांडणीचा संबंध पुन्हा येतो. खिडकीशी बसलेला प्रवासी दोन झोपलेल्या शेजाऱ्यांना उठवण्याच्या संकोचापोटी तासन् तास जागचा हलत नाही, पाणीही कमी पितो. विमानाच्या आतील हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांहूनही कमी. हवेचा दाबही कमी असतो. सर्वसाधारण विमानात तो आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा खाली येऊ शकतो. ड्रीमलायनरमध्ये ही मर्यादा सहा हजार फुटांवर राखली जाते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांचे आहे, म्हणजे प्रवासी त्याहून अधिक उंचीवर रात्रभर बसून असतो. थकवा केवळ आसनामुळे येत नाही, तो असा.

तिकीट काढताना

काही गोष्टी प्रवाशाच्या हाती आहेत. तिकीट काढताना कंपनीबरोबरच विमानाचा प्रकार पाहावा. आरक्षणाच्या पडद्यावर तो बहुधा दिलेला असतो. आसनांच्या नकाशावर एका रांगेत किती जागा आहेत, हे मोजावे. लांबच्या प्रवासात ज्येष्ठांसाठी, मधुमेहींसाठी आणि वारंवार स्वच्छतागृहात जावे लागणाऱ्यांसाठी मार्गिकेची जागा केव्हाही हितकारक. दांपत्याने दोन-चार-दोन मांडणीतील कडेची जोडी घेतली तर तिसऱ्याला ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. हेलकाव्यांची भीती वाटणाऱ्यांनी पंखांजवळ बसावे. शेपटाकडे विमान अधिक डोलते. अगदी शेवटच्या रांगेत पाठ मागे झुकत नाही, शेजारी स्वच्छतागृहाची रांग असते. आपत्कालीन दरवाजाच्या लगत पुढे असलेल्या रांगेचीही पाठ बहुधा ताठच असते. पहिल्या रांगेत समोर भिंत असल्याने कोणी अंगावर रेलत नाही, पण सामान पायाशी ठेवता येत नाही आणि जेवणाचे फळकूट हाताच्या दांड्यातून निघत असल्याने आसन किंचित अरुंद होते. एवढे करूनही मधली जागा वाट्याला आलीच, तर हात टेकण्याचे दोन्ही दांडे मधल्या प्रवाशाचे, हा जगभर रूढ होत चाललेला संकेत शेजाऱ्यांनी पाळावा.

मात्र ही सारी शोधाशोध प्रवाशानेच का करावी, हा प्रश्न उरतोच. सोबत किती किलो सामान नेता येईल, हे तिकिटावर ठळकपणे छापलेले असते. एक किलो अधिक झाला तर पैसे भरावे लागतात. परंतु त्या तिकिटाच्या मोबदल्यात मिळणारी जागा किती इंच रुंद आहे आणि पुढच्या रांगेपासून किती अंतरावर आहे, याचा त्यावर उल्लेख नसतो. स्वस्त तिकीट आणि अरुंद आसन हा सौदा अनेकांना मान्य असेलही. पण सौदा म्हटला की माप दोन्ही बाजूंना ठाऊक हवे. सामानाच्या किलोशेजारी आसनाचे दोन आकडे छापायला कंपन्यांना फारसा खर्च येणार नाही.